जाणारं मोजायचं नसतं

जवळा बाजारच्या पुढं माळावर मसाजीची मेंढरं असतात. त्याच्या घराण्यात चौथीच्या पुढं कुणी गेलं न्हाई, आणि पोरगी शिवकन्या निघाली थेट धूमकेतूच्या मागं. धूमकेतू काय हिंगोलीच्या मोंढ्यात मिळतो? लोक हसले. हसतील त्यांचे दात दिसतील, असं म्हणून ती कामाला लागली.

काम काय, ते सोपं करून सांगतो. धूमकेतूभोवती त्याच्याच वायूचं आवरण असतं. सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा येतो, तो तिथं अडतो. अगदी आतल्या पोकळीत तर त्या वाऱ्याबरोबर आलेलं चुंबकत्वसुद्धा शिरत न्हाई. या पोकळीला कुंपण असतं, पण ते एका जागी टिकेल तर शपथ. धूमकेतूपाशी धाडलेलं यान बिचारं माणसाच्या चालीनं फिरायचं आणि कुंपणच त्याच्या अंगावरून जायचं. घटकेत यान आत, घटकेत बाहेर. ते यान धूमकेतूवर उतरून मुकं झालं त्याला वर्षं झाली, पण त्यानं धाडलेल्या नोंदी कुणालाही बघता येतात. यान आत असताना वेगवान कण किती घटतात, हा शिवकन्येचा पीएचडीचा प्रबंध होता.

संगणकावर भरवसा न ठेवता तिनं हजारो आलेख डोळ्यांनी तपासले. तिचे मार्गदर्शक सर कौतुकानं म्हणायचे, "धनगराची नजर आहे." सहा वर्षं तिनं दुसरं काही केलं न्हाई. लग्नाचं विचारणारेही थकले.

आणि सगळं मुसळ केरात गेलं. यान आत शिरल्याची वेळ तिनं दरवेळी टिपली होती, बाहेर पडल्याची एकदाही न्हाई.

मसाजीच्या घरी मेंढरं संध्याकाळी वाघुरीत, म्हणजे जाळीच्या कोंडवाड्यात, शिरताना मोजतात. सकाळी निघताना कधीच न्हाई. एका साली मसाजीनं निघताना मोजली होती, आणि महिन्याभरात रोगानं निम्मा कळप नेला. तेव्हापासून जाणारं मोजायचं नसतं. शिवकन्या पाच वर्षांची असल्यापासून वाघुरीच्या तोंडाशी बसून मोजायची. तोच हात आलेखावर चालला. बाहेरची वेळ लागेल तिथं तिनं अंदाज घेतला : कण पुन्हा वाढले, म्हणजे यान बाहेर आलं असणार. परीक्षकानं लिहिलं, कण वाढले म्हणून यान बाहेर, आणि यान बाहेर म्हणून कण वाढले. याला पुरावा म्हणत नाहीत. त्याचं काय चुकलं?

पुन्हा सगळं करायचं तर मुदत संपलेली, सर निवृत्त झालेले. त्यातच दुसऱ्या कुणीतरी आतल्या-बाहेरच्या सगळ्या वेळांची यादी छापूनही टाकली होती. पीएचडीची नोंदणी रद्द झाली. शिवकन्या वह्यांचं गाठोडं घेऊन घरी आली.

दोन दिवस मसाजीनं काही विचारलं न्हाई. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मेंढरं कोंडल्यावर म्हणाला, "माय, चुकलं तरी काय?"

खोटं बोलायचं तिनं ठरवलंच होतं. पण थकलेल्या माणसाला खोटं जुळवता येत न्हाई.

"निघालेलं मोजलं न्हाई, बा."

"काहून?"

तिची नजर वाघुरीकडं गेली. म्हातारा खुळा नव्हता. त्यानंही तिकडं पाहिलं. मग हळूच म्हणाला, "म्हंजे माझ्यापायी."

"न्हाई, बा. माझंच ध्यान नव्हतं."

"बरं," तो म्हणाला. भाकरी तशीच ठेवून उठला.

सकाळी आवाजानं ती बाहेर आली. मसाजीनं वाघूर एका मेंढराएवढीच उघडली होती आणि तो मोठ्यानं मोजत होता. बावीस. तेवीस. मेंढरागणिक तो आधी देवाला हात जोडत होता. आई गेल्यावरसुद्धा त्याला असं भ्यालेलं तिनं पाहिलं नव्हतं. आता याचा काही उपयोग न्हाई, हे तिला सांगायचं होतं. पण कोणत्या तोंडानं सांगणार?

शेवटचं मेंढरू निघालं. मसाजीनं कपाळाचा घाम पुसला.

"एकसष्ट. सांजच्याला बी एकसष्टच होती. लिहून घे माय, निघालेली. बराबर हाय का?"

"बराबर हाय, बा," ती म्हणाली, आणि जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर तिनं एकसष्ट लिहिलं.