सुटे कोपरे
चंदेरी कागदाची चुरचुर ऐकली की कॉलेजचं शेवटचं वर्ष आठवतं. सूर्यप्रकाशाच्या रेट्यावर चालणाऱ्या अंतराळयानाच्या नमुन्याचं शीड मी तसल्याच कागदातून बनवत होते. यान ढकलायचं आणि वळवायचंही त्याच शिडानं, पण वळणं काही जमेना. पडेगावात मंडपाची कापडं शिवणारे अब्बा मशीन थांबवून म्हणाले, "बेटा, कोपरे सुटे ठीव. एक कोपरा कलला का अख्खं कापड फिरतं." तसं केलं आणि जमलं. प्रदर्शनात परीक्षकांनी विचारलं, "कोपऱ्यांची कल्पना कुणाची?" इस्त्रीचा शर्ट घालून अब्बा मागंच उभे होते. मी म्हणाले, "माझीच." पहिली टाळी अब्बांनी वाजवली. काल ऑफिसात साहेबांनी माझा आराखडा स्वतःचा म्हणून मांडला. टाळ्या मीही वाजवल्या, पण अब्बांसारख्या मनापासून नाही.