गुडघ्याखालची उशी

ती उशी अजून आमच्या घरात आहे. निळ्या फुलांचा अभ्रा, मधोमध दबलेली, एका कोपऱ्यावर तेलाचा डाग. बायकोने ती टाकायला काढली होती. मी दारातून परत आणून कपाटावर ठेवली. तिने विचारलं, "कशाला पाहिजे ती?" मी म्हटलं, "राहू दे." त्याहून जास्त मला बोलता आलं नाही. इथे बोलतो.

आमचं गाव बोनकोडे. कोपरखैरण्याचे सेक्टर चारी बाजूंनी वाढले आणि गाव मध्ये राहिलं. शेती गेल्यावर गावात सगळ्यांनी केलं तेच मी केलं. जुनं कौलारू घर पाडलं आणि तेवढ्याच जागेवर इमारत चढवली. खाली गाळे, वरच्या दोन मजल्यांवर भाडेकरू, तिसऱ्यावर आम्ही. खाली दोन गाळे बसत होते. कंत्राटदार म्हणाला, जिना जरा उभा घेतला तर त्याच्या पोटात तिसराही बसेल. मी म्हटलं, घे. त्या तिसऱ्या गाळ्यात आता मोबाइल दुरुस्तीवाला असतो. जिन्याच्या पायऱ्या उंच आणि अरुंद आहेत, पाऊल आडवं ठेवावं लागतं. लिफ्टला जागाच उरली नाही.

आई धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो, पण लग्न चालवते धवलारीण. हळद दळायची, लावायची, मुलीला न्हाऊ घालायचं, प्रत्येक वेळेचं गाणं वेगळं, म्हणजे धवला वेगळा, आणि ते सगळे तिला तोंडपाठ असावे लागतात. ती गायला लागल्याशिवाय हळदीला हात लावत नाहीत. गावातल्या कितीतरी पोरी आईच्या आवाजात सासरी गेल्या. मग तिचे गुडघे गेले. आधी ती जिन्याला धरून उतरायची, नंतर बसून बसून एकेक पायरी सरकायची, आणि एका लग्नानंतर वर आली ती उतरेनाशी झाली.

माझ्या चुलत भावाचं घर गल्लीत आमच्या समोरच. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. ती लहान असताना दिवसभर आईच्याच मांडीवर असायची. पेढे घेऊन वर आली आणि आईच्या गळ्यात पडून म्हणाली, "आजे, तू नसशील तर मी हळदीला बसनारच नाय. सांगून ठेवतंय."

"माजी ढोपरं गेली बाय. मी कशी येऊ?"

"मंग नवीन बसव. गाडीचे टायर बदलतात तशी."

"आन खाली मांडी घालून कोन बसेल? तू?"

"तुजेसाठी सिंहासन आनू गो, मांडवात."

आई खूप हसली. ऑपरेशनचं नाव काढलं की चिडणारी आई त्या संध्याकाळी मला म्हणाली, "बाला, डॉक्टरला विचार." डॉक्टर म्हणाले, आधी उजवा जास्त खराब आहे तो करू, डावा नंतर बघू. लग्नापर्यंत आजी जिना उतरतील, पण घरी व्यायाम नीट झाला पाहिजे. ऑपरेशन आमचं, व्यायाम तुमचा, असं ते माझ्याकडे बघून म्हणाले होते.

ऑपरेशन चांगलं झालं. हे मुद्दाम लिहितो, कारण नंतर नातेवाईक डॉक्टरलाच बोलायला लागले आणि मी ते ऐकून घेतलं.

आईला खुर्चीत बसवून, चौघांनी धरून वर आणलं. वॉकर घेऊन ती पलंगापासून मोरीपर्यंत चालायला लागली. रोज सकाळी फिजिओथेरपी करणारी मुलगी यायची. तरुण, बोलकी, केसांची घट्ट वेणी. आईचा पाय धरून ती वाकवायची, मग सरळ करून गुडघा गादीत दाबायला सांगायची. आई किंचाळायची. माझ्या आयुष्यात मी आईला रडताना क्वचितच पाहिलं होतं, आणि आता रोज सकाळी दहाच्या सुमाराला पाहत होतो. जाताना ती मुलगी बजावायची, "आजी, गुडघ्याखाली उशी ठेवायची नाही हां. बरं वाटतं म्हणून सगळे ठेवतात, आणि मग पाय वाकडाच राहतो. ठेवायची तर टाचेखाली."

"टाचेखाली कनाला?" आई म्हणायची. "माजी टाच दुखतेय कं?"

बायको शाळेत नोकरीला. ती सकाळी निघाली की घरात आई आणि मी. मी रबाळ्याच्या कारखान्यातून रजा घेतली होती. दुपारी जेवण झालं की आईचा गुडघा ठणकायला लागायचा. ती भिंतीकडे तोंड करून पडायची आणि हळूहळू कण्हायची. मला तो आवाज सहन व्हायचा नाही. पहिल्यांदा तिने मागितलीही नव्हती. मीच उशी घेतली, तिचा पाय अलगद उचलला आणि गुडघ्याखाली सारली. तिचा चेहरा एकदम सैल पडला. ती झोपली. मला वाटलं, इतके दिवस त्या वेणीवाल्या मुलीला जमलं नाही ते मला जमलं.

त्यानंतर ती मागायची.

"बाला, उशी दे रं."

"आये, ती ओरडेल."

"ती तिचे घरा गेली. दे."

मी द्यायचो. हळूहळू सकाळीही द्यायला लागलो. जिन्यावर त्या मुलीच्या चपलांचा आवाज आला की उशी काढून आईच्या डोक्याखाली सरकवायची. आई मला डोळा मारायची. त्या दिवसांत आम्ही दोघं जितके जवळ होतो तितके मी मोठा झाल्यावर कधी नव्हतो, आणि मला ते आवडत होतं. हे लिहायला लाज वाटते. आईला दुखत होतं म्हणूनच मी उशी देत होतो हे खरं, पण तेवढंच खरं नाही. आयुष्यभर ती गावाची होती. कुणाच्याही मांडवात बसायची, आमच्या घरी उशिरा यायची. आता ती माझी होती. उशी देणारा मी होतो.

काही दिवस तर मी त्या मुलीला फोन करून सांगितलं, आज नका येऊ, आईला कणकण आहे. आई पलंगावरून माझ्याकडे बघून मान हलवायची. "बेस केलंस."

रजा संपली, मी कामावर जाऊ लागलो. सकाळी दार उघडायला कुणी नाही म्हणून त्या मुलीला मी फक्त रविवारी यायला सांगितलं. निघताना उशी लावून जायचो.

एका रविवारी ती मुलगी आली, तेव्हा बायकोही घरी होती. तिने आईचा पाय सरळ करायला सांगितला आणि गुडघ्याखालून हात घातला. तो पलीकडून बाहेर आला. तिने परत घातला. 

"इथे हात जायलाच नको होता," ती म्हणाली. "पाय सरळ होतच नाहीये. उशी ठेवत होता का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. मी काही बोलायच्या आत आई बोलली.

"मीच ठेवाची. हा कामाला गेला की. याला कं म्हाईत?"

बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "आई, तुम्ही लहान आहात का? एवढं सगळं आपण कशासाठी केलं?" आणि पुढे बरंच बोलली. ती रागीट नाही, पण त्या दिवशी तिला फार लागलं होतं. आईने खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. मी भिंतीला टेकून उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. मी नाही बोललो. ती मुलगी गेल्यावरही नाही, बायको दुपारी शांत झाल्यावरही नाही. बायकोला अजून वाटतं की आईनेच स्वतःचा पाय बिघडवला.

डॉक्टर म्हणाले, परत भूल देऊन गुडघा मोकळा करून बघता येईल. आई म्हणाली, "परत त्या टेबलावर मना नको." मग त्या मुलीने दुपटीने मेहनत घेतली. आईनेही घेतली, दात आवळून. मी उशी कपाटात कोंबली. पण पाय थोडा वाकलेलाच राहिला. घरात चालताना ती त्या बाजूला झुकायची, टाच नीट टेकायची नाही.

लग्नाच्या आधीच्या आठवड्यात आम्ही तिला जिन्यावर नेलं. त्या मुलीने समजावलं होतं, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी खाली. आईने एका हाताने कठडा धरला, दुसऱ्याने माझा खांदा. पाय पुढे घेतला, खाली सोडला. तो पायरीपर्यंत पोचेना. सरळ झाला असता तर पोचला असता. वाकलेल्या पायाची बोटं हवेत चाचपडत राहिली. आणखी खाली जायचं तर सगळा भार जुन्या, डाव्या गुडघ्यावर घेऊन वाकायला हवं होतं, आणि तो आधीच थरथरत होता. आईने जिन्याच्या मधल्या फटीतून खाली पाहिलं. तळाशी मोबाइलवाल्याच्या दुकानाचा उजेड होता.

"कवरी उंच पायरी बांधलीस रं," ती म्हणाली.

टोमणा नव्हता तो. तिने नुसतं पाहून सांगितलं. मी म्हणालो, "कंत्राटदाराने बांधली." आम्ही तिला वळवून परत आत आणलं.

हळदीच्या दिवशी आई सकाळीच तयार होऊन बसली. लुगडं नेसली, गळ्यात सोन्याची माळ घातली, केस चापून बसवले. मला वाटलं तिने मनाशी काहीतरी ठरवलंय. थोड्या वेळाने चुलत भाऊ तीन पोरांना घेऊन आला. हातात प्लास्टिकची खुर्ची.

"काकी, बस. फुलासारखी नेतंव खाली."

"किती जन हाव?"

"चौघं. काय टेन्शन नाय."

आई हसली. "हासपिटलातशी आनली तवा मी औषदान होते, मना कलला नाय. आज मना कलतंय. चौघं मना आता एकदाच उचलतील. त्या दिवशी मी कायपन बोलनार नाय. आज नको."

"काकी, लग्नाचे घरात कं अभद्र बोलतेस!"

"मंग ही खुर्ची ने. मांडवात कोन तरी बसेल तीवर."

त्याने फार विनवलं. मग म्हणाला, माइकला फोन लावतो, तू इथूनच म्हण, खाली ऐकू येईल. आईने मान हलवली. "पोरीचा तोंड दिसल्याशिवाय कंचा धवला?" नवरी हळदीच्या पाटावर बसली होती, तिला उठून वर येता येत नव्हतं. तिने खालून दोनदा हाक मारली, "आजेऽ". आई गॅलरीपर्यंत गेली नाही. मी म्हटलं, "चल, मी धरतो." ती म्हणाली, "नको. वरशी बघून हात हलवाला मी कं पावनी हाय?"

करंजाड्याहून दुसरी धवलारीण बोलावलेली होती, अडीअडचणीला असावी म्हणून. तिने सुरू केलं. माइकमधून आवाज आमच्या खिडकीत आला. आई पलंगावर बसून ऐकत होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मधेच एका ठिकाणी तिचे ओठ थांबले. खालचं गाणं पुढे गेलं. "हा आपले गावचा नाय," ती म्हणाली. "आपला येगला हाय. तो तिला येत नाय."

"तू म्हण ना, आये. मी ऐकतो."

"तुना हळद लावाची हाय कं?"

ती आडवी झाली. लुगडं चुरगळलं. बायको खाली मांडवात होती. फिजिओवाल्या मुलीला त्या दिवशी सुट्टी सांगितली होती, आणि पुढे आईने तिला बोलावूच दिलं नाही. आता आई वॉकर घेऊन पलंग ते गॅलरी एवढी चालते.

"बाला," त्या दिवशी ती पडल्या पडल्या म्हणाली, "उशी दे."

मी कपाटातून उशी काढली आणि डोक्याजवळ नेली. तिने डोकं उचललं नाही. दोन्ही हातांनी उजवी मांडी धरून पाय वर केला आणि थांबली.

मी उशी ठेवली. नीट सरकवली, कड दुमडली होती ती काढली. तिने डोळे मिटले. खाली हळद लागत होती, पोरी ओरडत होत्या. मी सवयीने जिन्याकडे कान लावून बसलो, पण वर कुणीच येणार नव्हतं.