तोंडी सोडलेलं घर

लेक जेवत नाही याची आईला तेवढी काळजी नव्हती. पोटात आग पडली की जेवेल. पण तिने कुणाच्या प्रश्नाला उत्तर देणंच बंद केलं होतं, ते काही केल्या आईच्या मनातून जाईना. सकाळी शेजारीण दारात उभी राहून विचारत होती, आत भाडेकरू असताना घर विकता येतं का हो? सतरा वर्षं असल्याच प्रश्नांत काढलेली लेक खिडकीबाहेर बघत म्हणाली, "एखाद्या वकिलाला विचारा." शेजारीण ओशाळून निघून गेली.

लेक दस्त लिहायची. नोंदणी कार्यालयासमोरच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानातल्या अर्ध्या गाळ्यात तिचं टेबल होतं. संगणक, प्रिंटर, शाईचं पॅड आणि अंगठे पुसायला एक जुना टॉवेल, एवढाच पसारा. घर घेणारे-विकणारे तिथे येत आणि सगळ्यांचे प्रश्न इथूनतिथून सारखेच. करारनामा झाला म्हणजे घर आमचं झालं ना? किल्ली मिळाली, आता नोंदणी कशाला? बाबांनी मुखत्यारपत्र दिलं होतं, ते गेल्यावर चालतं का? ती न कंटाळता सांगायची. करारनामा म्हणजे विकण्याचा शब्द, विक्री नव्हे. किल्लीने कुलूप उघडतं, मालकी मिळत नाही. माणूस गेला की त्याचं मुखत्यारपत्रही त्याच्याबरोबर गेलं.

तिची एक रीत होती. कागद कितीही चोख असोत, ती विकणाऱ्यासाठी चहा मागवायची आणि त्याने पहिला घोट घेतला की सहज विचारायची, "तुम्ही भावंडं किती?" कागदावर एकच नाव असायचं आणि तोंडून दोन बहिणी निघायच्या. मग विकणारा सारवासारव करायचा, की बहिणींनी केव्हाच सोडलंय, आपल्या माणसांत कागद कशाला. ती हसून पेन खाली ठेवायची. सोडलंय ना, मग तेच लिहून, सही करून, नोंदवून आणा. संध्याकाळी घरी येऊन त्या लोकांच्या नकला करायची आणि आई पोट धरून हसायची.

तीन वर्षांपूर्वी मामाने, म्हणजे आईच्या भावाने, आईवडिलांच्या पश्चात राहिलेल्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या विकायला काढल्या. आईचं माहेर ते. घेणारा गृहस्थ शिवणकाम करणारा, सगळे त्याला मास्तर म्हणत. दस्त लिहिणारी आपली भाची आहे हे मामाने मास्तरांना सांगितलं नाही. उगाच शंका काढतात लोक, म्हणाला. घरचं काम म्हणून लेक दुकानात न लिहिता इथेच, स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहायला बसली. चहा होता, पण भावंडं किती हे विचारायची गरज नव्हती. मामाला बहीण एकच, आणि ती गॅसपाशी उभी होती. लेकीने मान वर करून एवढंच म्हटलं, "आई, आधी तुझं हक्कसोडपत्र करून घेऊ या का?"

मामाचा चेहरा उतरला. आईला तो बघवला नाही.

"भावाला लिहून द्यायला मी काय परकी आहे?" आई म्हणाली. "मी सोडलंय सगळं. तू लिही."

आणि लेकीने लिहिलं. बाहेरच्या माणसाला जे ऐकून ती हसली असती, ते आईच्या तोंडून आलं म्हणून तिने खरं धरलं. आपणच एकटे वारस आहोत असं मामाने शपथेवर सांगितलं. खाली दस्त लिहिणारी म्हणून लेकीची सही झाली.

सगळं विस्मरणात गेलं होतं. पण गेल्या हिवाळ्यात मास्तरांच्या बायकोची डावी बाजू गेली. जिन्याला एकवीस पायऱ्या, त्यातली सातवी बाकीच्यांपेक्षा उंच. आईच्या पायांना ती अजून पाठ होती. चार महिने ती बाई खाली उतरलेली नव्हती. मास्तरांनी तळमजल्यावरची जागा बघितली, वरच्या खोल्यांना गिऱ्हाईकही मिळालं. पण गिऱ्हाइकाचा वकील खमका निघाला. तो कागद वाचून थांबला नाही, त्याने शेजारी चौकशी केली. खालची म्हातारी म्हणाली, मुलगा होता तशी मुलगीही होती की, याच जिन्यावर पडून तिचा पुढचा दात तुटला होता. झालं, व्यवहार अडला. बहिणीचा कागद आणा, नाहीतर राहू द्या.

मागच्या रविवारी मास्तर दस्त लिहिणारीचं घर शोधत आले. खुर्चीच्या कडेवर बसले. गळ्यातली मोजपट्टी काढायचंही त्यांना सुचलं नव्हतं. एक शब्द वाकडा बोलले नाहीत.

"ताई, त्यांना एक बहीण होती म्हणे. तुमच्या कानावर नव्हतं का?"

लेकीने उठून पंखा लावला.

"त्या सापडल्या तर मी पाया पडेन त्यांच्या. मंडळी दिवसभर जिन्याकडे बघत बसते हो."

आई पाण्याचा पेला घेऊन त्यांच्या पुढ्यातच उभी होती. तिने ओठ मिटून घेतले. तुटका दात दिसू नये म्हणून, हे तिचं तिलाच नंतर कळलं. मास्तर पाणी पिऊन, काकू बरं वाटलं, म्हणाले आणि ब्लाउजच्या पावतीमागे आपला नंबर लिहून ठेवून गेले.

तेव्हापासून लेक टेबलावर गेली नव्हती. दुसऱ्या कुणाला निदान म्हणता आलं असतं, की मला माहीत नव्हतं. तिला तेवढीही पळवाट नव्हती. राहून गेलेली वारस तिची जन्मदातीच.

मामाचा फोन रोज येत होता. तो आईला बजावत होता, की तू सही केलीस तर माझी शपथ खोटी ठरेल, ते एक असो, पण पोरीचा परवाना जाईल, वर खटला. आपण तोंड मिटून बसलो की मास्तर थकेल, दुसरं गिऱ्हाईक बघेल. आई ऐकून घ्यायची. पोरीचं नाव आलं की तिची वाचाच बसायची, आणि भावाला ते नेमकं ठाऊक होतं.

शेजारीण गेल्यावर आईने चहा केला. एक कप लेकीपुढे ठेवला आणि समोरच्या खुर्चीवर बसली, जशी गिऱ्हाइकं बसत तशी.

"एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "बहिणीने हक्क तोंडी सोडला. घर विकलं गेलं. आता ती लिहून द्यायला तयार आहे. चालतं का?"

लेकीने खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग उत्तर दिलं, आठवड्यातलं पहिलं. आवाज कागद वाचून दाखवतात तसा.

"चालतं. घर मोकळं होतं."

"आणि दस्त लिहिणारीचं?"

"बहीण आहे हे तिला माहीत होतं, हे दोन कागद शेजारी ठेवले की दिसतं. एकावर आईचं नाव, दुसऱ्याखाली मुलीचं. परवाना जातो. पुढचं नशिबावर."

"मग तू त्या बहिणीला काय सांगशील?"

"सांगेन, की दस्त लिहिणारीला विचारू नका." लेकीचा आवाज फाटला. "तिचा त्यात स्वार्थ आहे."

तिने चहाला हात लावला नाही. उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. आईला वाटलं, जाऊन जवळ घ्यावं. पण जवळ घेऊन बोलणार काय? सगळं ठीक होईल, असं? ते होणार नव्हतं. सही केली तर या घरातल्या लेकीचं टेबल उठतं, नाही केली तर त्या घरातली बाई जिन्याकडे बघत राहते. आणि दोन्हीचं मूळ एकच, तिने गॅसपाशी उभं राहून टाकलेलं एक वाक्य.

फोन वाजला. भावाचं नाव. तिने तो वाजू दिला, वाजून बंद होईपर्यंत. मग डब्याखालची ब्लाउजची पावती काढली, उलटी केली, चष्मा लावला. मास्तरांचे आकडे त्यांच्या टाक्यांसारखेच होते, बारीक आणि सरळ. काय बोलायचं ते तिने मनात जुळवून बघितलं. जुळेना. शेवटी एवढंच म्हणायचं ठरवलं, की ती बहीण मीच, त्या दिवशी पाणी दिलं ती, आणि पहिला आकडा दाबला.