नडगीवरचा अंगठा

डॉक्टर खरातांकडे तुम्ही कशासाठीही जा, खोकला घेऊन, विंचू चावला म्हणून, नाहीतर नुसता दाखला मागायला. ते आधी तुमचा पाय स्टुलावर ठेवायला लावत, नडगीवर अंगठा रोवून धरत आणि उचलल्यावर तिथे खड्डा राहतो का ते बघत. मंठ्याच्या पुढे आमचा दवाखाना होता, मी तिथे नर्स. डॉक्टर बौद्ध घरातले, म्हणून काही म्हातारी माणसं घरी जाऊन तो पाय धूत. डॉक्टरांना ते ठाऊक होतं. "धुऊ द्या की, सिस्टर," ते म्हणायचे, "तेवढेच पाय स्वच्छ राह्यतील." मला मात्र भयंकर संताप यायचा.

ही सवय त्यांना पहिल्यापासून नव्हती. मी रुजू झाले तेव्हा त्यांना नाद होता वजनांचा. त्यांच्याबरोबर शिकलेला एक मित्र अमेरिकेत कारखान्याचा डॉक्टर झाला होता. दर वर्षी संक्रांतीनंतर त्याने तिथल्या कामगारांची वजनं घ्यायची, यांनी आमच्या गावांतल्या मोठ्या माणसांची, आणि एकमेकांना कळवायचं, असं दोघांचं ठरलेलं. दवाखान्याच्या भिंतीवर एक मोठा कागद होता. निळी रेघ अमेरिकेची, तांबडी आमची. निळी दर वर्षी वर सरकायची. माणसं फार जाड व्हायला लागली, हृदयाला झेपणार नाही, अशी तिकडच्या मित्राला काळजी. डॉक्टर हसायचे. "त्यांची रेघ माडीवर चालली, आपली अजून ओसरीतच बसून राह्यली." ती एकदा तरी उठलेली बघायची, एवढीच त्या माणसाची हौस होती.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. संक्रांत झाल्यावर डॉक्टर बैलगाडीत काटा घालून दुष्काळी कामावर गेले. खडी फोडणाऱ्या बायामाणसांना एकेक करून त्यावर उभं केलं, आणि काय नवल, दिवाळीत कामावर घेताना केलेल्या वजनांपेक्षा पुष्कळांची वजनं वाढलेली! सोजराबाई नावाची एक बाई होती, बोलायला मोठी फटकळ. ती हात पुढे करून म्हणाली, "बांगड्या उतरना गेल्यात, डॉक्टरसाहेब. आधी पार कोपरापोतर घसरायच्या."

"अंग भरून राह्यलं तुमचं," डॉक्टर खुशीत म्हणाले. "कामावरची सरकारी सुकडी बराबर लागली."

"बाया म्हनतेत, सोजरा मुकादमाच्या घरी जेवती!" सगळे खो खो हसले. दुष्काळात असं हसणं मी क्वचितच ऐकलं.

त्या दिवशी डॉक्टरांनी दवाखान्यात गूळ वाटला आणि तांबडी रेघ स्वतःच्या हाताने वर नेली. अशक्तांना मिळणारं जादा दूध आणि सुकडी चालू ठेवायची का, अशी वरून विचारणा आलेली होती. त्यांनी लिहून दिलं, वजनं वाढताहेत, आता गरज नाही. थोड्याच दिवसांत दुधाच्या भुकटीची पोती दुसऱ्या कामावर गेली.

पुढे एका दुपारी सोजराबाईला बाजेवर घालून आणलं. खडी फोडता फोडताच ती कोसळली होती. टेबलावर घेताना डॉक्टरांनी तिचे पाय धरले, आणि हात काढला तर त्यांची बोटं तिच्या पायावर उमटलेली. त्यांनी अंगठा दाबला. खड्डा पडला, तो भरेचना. दुसरा पाय दाबला. तोही तसाच.

"हे मांस न्हाई, सिस्टर," ते म्हणाले. "पानी हाय. उपासाचं पानी."

त्यांनी धावाधाव करून दूध परत मागवलं. ते आलं, पण सरकारी चालीने आलं. तोवर सोजराबाई गेली होती आणि तिच्यासारखे आणखीही काही गेले. तिचा नवरा दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. भांडायला नव्हे, त्याला खरोखरच कळत नव्हतं. "तुमीच म्हनला व्हता ना साहेब, अंग भरलं म्हून?" डॉक्टर त्याच्याशेजारी बसून राहिले.

पुढच्या टपालाने अमेरिकेतल्या मित्राचं, आमची रेघ चढल्याबद्दल, अभिनंदनाचं पत्र आलं. मी म्हटलं, निदान ती भिंतीवरची रेघ तरी पुसा.

"बिलकुल न्हाई," डॉक्टर म्हणाले. "तिकडचा मानूस जाड होतो तो खाऊन. आपल्याकडं उपाशी मानसाचंबी वजन वाढतं. काट्याला ते कळलं न्हाई, ठीक हाय. मी तर डॉक्टर होतो."

दुसऱ्या दिवसापासून स्टूल पुढे आलं.

माझी बदली झाली आणि काही वर्षं गाठ पडली नाही. डॉक्टर आजारी आहेत, वडीगोद्रीला मुलाकडे असतात, असं कळलं तेव्हा भेटायला गेले. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, दारातच म्हणाल्या, "लई वाळले होते हो, सिस्टर. आता या महिन्यात जरा अंगाला लागून राह्यलं. चेहरा बघा कसा भरला." किती दिवसांनी त्या माउलीच्या तोंडावर हसू आलं असेल. त्या चहा करायला आत वळल्या.

डॉक्टर खाटेवर बसले होते. त्यांनी पायजमा वर केला आणि पाय पुढे केला. मी अंगठा दाबून उचलला. खड्डा तसाच राहिला.

"हृदय थकलं, त्याचं पानी हाय," ते म्हणाले. "तिला सांगा, सिस्टर. मला सांगवत न्हाई."

"राहू द्या ना आजच्या दिवस. खूष आहेत त्या."

"मी बी खूष होतो तवा," डॉक्टर म्हणाले. "गूळ वाटला होता."

वहिनी चहा घेऊन आल्या. मी त्यांच्या हातातली कपबशी खाली ठेवली, त्यांना खाटेजवळ बसवलं आणि त्यांचा अंगठा धरून डॉक्टरांच्या नडगीवर टेकवला.