पाळीवर वाळत घातलेली छत्री

फौजेत होतो म्हटलं की लोक विचारतात, किती उड्या मारल्या? आकडा सांगितला की त्यांचं तोंड पडतं, कारण तो फार मोठा नाही. मी उड्या मारणाऱ्यांतला नव्हतोच, मी पॅराशूट बांधणाऱ्यांतला होतो. आम्ही त्याला छत्रीच म्हणायचो. बावीस वर्षं एका लांबलचक टेबलाशी उभा राहून मी छत्र्यांच्या घड्या घातल्या, आणि त्याबद्दल मला अजून कोणी काही विचारलेलं नाही. छत्री नीट उघडली तर माणूस खाली उतरून जेवायला जातो. बांधणारा त्याला कशाला आठवेल?

छत्र्या बांधायच्या त्या हॉलमध्ये गप्पा मारायची बंदी होती. हातात घेतलेली छत्री पूर्ण केल्याशिवाय, बाप मेल्याची तार आली तरी, टेबल सोडायचं नाही. प्रत्येक छत्रीचं एक कार्ड असायचं, कधी बनली, कोणी तपासली, कोणी बांधली, कुठे शिवली. कार्ड नसलेली छत्री म्हणजे नुसतं कापड. हार्नेसवर, म्हणजे माणसाला बांधायच्या पट्ट्यांवर, बनवणाऱ्याचं लेबल शिवलेलं असतं. ते पुसलं की पट्टा कितीही नवा दिसो, बाद. आणि बाद झालेली वस्तू तशीच ठेवायची नाही, कापून टाकायची, नाहीतर कोणीतरी दीडशहाणा ती उचलून पुन्हा वापरतो. शिवाय साहेब कधीही यायचे आणि रांगेतल्या एखाद्या छत्रीकडे बोट दाखवायचे. ज्याने ती बांधली असेल त्याने मुकाट्याने पाठीवर चढवायची आणि विमानात बसायचं. माझ्यावर ती वेळ तीनदा आली. भीती वाटली का म्हणाल तर तिन्ही वेळा वाटली.

निवृत्त होऊन आलो आणि कोरपन्याकडच्या एका सिमेंटच्या कारखान्यात फाटकावर बसलो. गाव चंद्रपूर जिल्ह्यातच, पण चक्कर वर्षाकाठी एखादी. गावी माझा धाकटा भाऊ. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या तलावावर मासे धरणारं. मी फौजेत पळालो, तो जाळ्यात राहिला. हात त्याचा माझ्यापेक्षा चांगला. फाटलेलं जाळं त्याने विणून दिलं की जोड शोधून सापडत नसे.

वाघ बघायला येणाऱ्या लोकांसाठी आमच्या तलावामागच्या माळावर एका बाहेरच्या माणसाने खेळ सुरू केले. सकाळी वाघ दिसला नाही की ही मंडळी दिवसभर काय करणार? तर जीपच्या मागे दोर, दोराला छत्री, छत्रीला माणूस. जीप पळाली की माणूस वर. धाकट्याने त्या मालकाला सांगितलं, माझा भाऊ फौजेत छत्र्या बांधत होता. तेवढ्यावर त्याला काम मिळालं. छत्री आणि पट्टे सांभाळायचे, लोकांना बांधायचं, सोडवायचं. त्याने फोन केला तेव्हा आवाजात असा आनंद होता की लग्नातही ऐकला नव्हता.

"भाऊ, आता मीबी तुह्याच लाइनीत आलो," म्हणाला.

मी खूश झालो, खोटं कशाला बोलू. सुट्टी काढून गेलो आणि दोन दिवस त्याला अंगणात शिकवलं. दोऱ्या कशा मोजायच्या, गुंता कसा शोधायचा, शिवण बोटाने कशी चाचपायची. कार्ड नव्हतं तर वही करायला लावली. आणि शेवटी सांगितलं, बांधणाऱ्याने आधी स्वतः उडायचं, मग दुसऱ्याला बांधायचं. त्याला हे फार आवडलं. रोज सकाळी पहिली उडी तो स्वतः मारायला लागला. गावात त्याचा मान वाढला.

हार्नेसवर लेबल नव्हतं. मालकाने तो कुठून तरी जुना उचललेला होता. मी ते पाहिलं, आणि धाकट्याच्या नव्या कामाच्या पहिल्याच आठवड्यात कुठे मालकाशी वाकडं घेतो म्हणून "पुढच्या वर्षी नवीन घ्यायला सांग" एवढं बोलून गप्प बसलो. हॉलमध्ये असतो तर असं बोलणाऱ्याला मीच कानाखाली दिली असती.

वर्ष उलटलं. दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा होती, म्हणून आलो. बसमधून उतरून तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, येत होतो. पाळीवर बेशरमाची झुडपं माजलेली, त्यांच्यावर आमच्या लोकांची जाळी वाळत घातलेली, नेहमीसारखीच. आणि जाळ्यांच्या शेजारी, चार झुडपांवर नीट ताणून, ती छत्री. गेल्या वर्षी लालभडक होती. आता कांद्याच्या सालीसारखी झाली होती. बाजूला पट्टेही रांगेने मांडलेले, प्रत्येकावर उडू नये म्हणून एकेक दगड.

मी एक दगड बाजूला केला. पट्टा उचलला. हाताला कडक लागला, वरून खरखरीत, आणि नखाने शिवण खरवडली तर दोऱ्याचा भुगा निघाला.

धाकटा मागून हसत आला. "आत्ता येऊन राह्यला काय? जेवण झालं काय तुहं?"

"हे उन्हात कोणी टाकलं?"

"मीच. रोज टाकतो. दुपारी लोकं जेवाले गेले का धुतो अन् वाळवतो. घाम ऱ्हायते ना पट्ट्यायले."

"रोज?"

"मंग? चैत-वैशाखातबी एक दिवस चुकलो नाई. ओलं जाळं घडी केलं तं सडते, हे आता तू मले शिकवशील काय?"

आमच्याकडे हेच पहिलं शिकवतात. पोराला चालता येण्याआधी जाळं वाळवता येतं असं म्हणतात. ज्याचं जाळं ओलं तो आळशी, त्याला कोणी मुलगी देत नाही. आमचा धाकटा आळशी नव्हता. चंद्रपूरचं ऊन, ज्यात मे महिन्यात कुत्रं सावली सोडत नाही, त्या उन्हात त्याने ही नायलॉनची वस्तू रोज जीव लावून भाजली होती. उडताना ऊन लागतंच, त्याला इलाज नाही. पण उडताना लागतं तेवढंच लागू द्यायचं, खाली उतरली की सावलीत. ऊन नायलॉनला आतून खातं. वरून कापड कापडासारखं दिसतं आणि जोर निघून गेलेला असतो.

मी त्याला शिव्या घातल्या. भर पाळीवर, लोकांदेखत. अक्कल गहाण टाकली का, म्हणालो. त्याने ऐकून घेतलं, आणि मग शांतपणे विचारलं, "तू सांगतलं होतं काय?"

नव्हतं सांगितलं. दोन दिवस शिकवलं, दोऱ्यांची गिनती दहादा करवून घेतली, आणि उन्हाचं एक अक्षर बोललो नाही. आमच्या हॉलच्या काचा रंगवलेल्या होत्या. बावीस वर्षांत तिथे ऊन आलंच नाही, म्हणून त्याचा विषयही कधी निघाला नाही. ज्या घरात जन्मलो त्या घरात जाळी कुठे वाळतात हे मी विसरलो, इतका मी मोठा फौजी झालो होतो.

तेवढ्यात मालक आला. दुपारची मंडळी तयार होती. नागपूरकडची एक पन्नाशीची बाई, कुठल्याशा शाळेत शिकवणारी, चपला काढून, ओढणी कमरेला बांधून उभी होती. सोबतच्या बायका फोटो काढत होत्या. मी मालकाला म्हणालो, हे बाद आहे, आज कोणी उडणार नाही. तो म्हणाला, "काका, आज सकाळीच तुमचा भाऊ उडलाय ना यावर?"

धाकट्यानेही तेच धरलं. "मी उडलो ना, भाऊ. तूच तं नेम लावून देल्ला. हा सीजन निघू दे, मंग मी सोता सांगतो याले."

"तुझं वजन किती, अन् त्या बाईचं किती?" मी म्हणालो. "अन् सकाळी नाही तुटलं म्हणजे दुपारी नाही तुटणार, हे कोणी सांगितलं?"

कोणी ऐकेना. बाई घाई करत होती. मालकाने पट्टे उचलून धाकट्याच्या हातात दिले आणि धाकटा, माझ्याकडे न बघता, बाईच्या दिशेने निघाला. मला पुढचं नीट आठवत नाही असं मी पुष्कळांना सांगतो, पण आठवतं. जाळ्याजवळ त्याचा चाकू पडला होता. मी तो उचलला, त्याच्या हातातून हार्नेस ओढला आणि मांडीचे दोन्ही पट्टे कापले. मग झुडपांकडे गेलो आणि छत्री वरून खालपर्यंत फाडली. हॉलमध्ये बाद वस्तूचं जे करतात तेच केलं. तिथे ते करताना कोणी रडत नाही. इथे माझा भाऊ पाळीवर बसून रडला.

बाई म्हणाली, काय माणसं आहेत, सगळी मजा घालवली. मालकाने धाकट्याला तिथल्या तिथे काढलं.

दुसऱ्या दिवशी मंडईत सगळ्या गावाला हाच विषय. कोणीतरी कापलेल्या पट्ट्याचा तुकडा आणला, ट्रॅक्टरच्या मागे बांधला आणि त्याने एक सागाचा ओंडका ओढून दाखवला. पट्टा तुटला नाही. लोक हसले. "भाऊ, हा तं हत्तीलेबी ओढते," एकजण म्हणाला. मी समजावत राहिलो की सावकाश ओढणं वेगळं आणि वाऱ्याचा झटका वेगळा, चांगल्या पट्ट्याने माणसाच्या वजनाच्या कितीतरी पट तोलायला पाहिजे, तेव्हा कुठे तो माणसासाठी चालतो. कोण ऐकतो? गर्दीत धाकटाही उभा होता. त्याने त्या न तुटलेल्या पट्ट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि निघून गेला. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही.

खरं सांगायचं तर त्यानंतर माझाही धीर सुटला. हॉलमधल्या जुन्या सोबत्याला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, मशीनवर ताणल्याशिवाय किती जोर उरला होता ते देवही सांगू शकत नाही, पण मी असतो तर कापलं असतं. आणि वर म्हणाला, "अर्थात भाऊ तुझा आहे." जे घडलं नाही त्याचा पुरावा कुठून आणायचा? ती बाई घरी गेली, शाळेत शिकवत असेल, आणि गावात मी भावाच्या पोटावर पाय देणारा ठरलो. आपलेच दात, आपलेच ओठ, सांगणार कोणाला?

धाकट्याने चार महिने जाळं टाकलं. पण एकदा वरून तलाव पाहिलेला माणूस, त्याचं मन लागेना. मग एक दिवस तो गडचिरोलीकडे कुठेसा निघून गेला. तिकडेही असाच जीप-दोराचा खेळ होता आणि छत्री सांभाळणारा माणूस हवा होता. कुठे, ते त्याच्या बायकोलाच ठाऊक. एव्हाना मी कारखान्याची नोकरी सोडून गावी आलो होतो, पण तिला विचारणार कसं? आमच्याकडे धाकट्याची बायको भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, डोक्यावर पदर घेते, समोर येऊन बोलत नाही. मी ओसरीवरून म्हणायचो, ती दारामागून उत्तर द्यायची.

"त्याला एवढंच सांग, उन्हात वाळवू नको."

"सांगतलं, भाऊजी. ते म्हणते, नाई वाळवत. सावलीतच ठेवते. तुमी म्हणत होते ते खरं होतं म्हणते."

माझा जीव भांड्यात पडला. क्षणभरच.

"पण तिथली छत्री आपल्यापेक्षाबी फिक्की हाये म्हणते. नखानं भुगा निघते. मालकाले सांगतलं, तं तो म्हणे, नाई जमत तं जाय घरी."

"मग हा उडतो कशाला रोज?"

तिने दार थोडं पुढे लोटलं. "म्हणते, मी नाई उडलो तं दुसऱ्याले कसा बांधू."

मी गावाचं नाव विचारलं. तिने सांगितलं नाही. त्याने बजावून ठेवलं होतं, भाऊला सांगू नको, तो येईल आणि हीही कापून टाकेल, मग मला कुठेच काम नाही.

पहिली उडी साडेआठला होते आणि उतरला की तो तिला फोन करतो. तेव्हापासून मी रोज सव्वाआठला त्यांच्या ओसरीवर जाऊन बसतो. आत फोन वाजतो, ती दारामागून "आला" म्हणते, मी उठतो. आज साडेआठ झाले, पावणेनऊ झाले, नऊ झाले. आत भांड्यांचा आवाज बंद पडला. मी तिला हाक मारली नाही, तिने मला मारली नाही. साडेनऊला फोन वाजला. जीप बंद पडली होती, उशीर झाला, एवढंच.

ती बाहेर आली. पदर खांद्यावर होता, तो सावरायचं तिला सुचलं नाही. माझ्यासमोर उभी राहून तिने आलापल्लीच्याही पुढचं एक गाव सांगितलं. "जा," म्हणाली. मी म्हणालो, यानंतर तो तुझ्याशीही बोलणार नाही. तिने मान हलवली. तिला ते माझ्या आधीच कळलं होतं.

चंद्रपूरहून आलापल्लीची गाडी सकाळी सहाची आहे. पण त्या गाडीने पोचेपर्यंत उद्याची पहिली उडी होऊन गेलेली असेल, म्हणून मी मिळेल त्या वाहनाने आज रात्रीच निघतोय.