सीटच्या कोपऱ्यावरची कडी

आमच्या गडहिंग्लजला रेल्वे नाही. माझ्या लहानपणी नव्हती, आजही नाही. रेल्वे बघायची तर कोल्हापूर गाठावं लागायचं, आणि एवढ्या लांब कोल्हापूरला जाऊन माणूस रेल्वे कशाला बघत बसेल, असा आमच्याकडचा रोकडा सवाल. तिशीपर्यंत मी रेल्वेने गेलो असेन सहा-सात वेळा, तेही वरच्या बर्थवर घोरत. अशा माणसाला पुढे अमेरिकेत रेल्वेतज्ज्ञ म्हणून मान मिळाला, त्याचं सगळं श्रेय मिशिगन राज्याला दिलं पाहिजे.

२००३ साली मी मिशिगनमधल्या ट्रॉय गावात मोटारींच्या सीट डिझाइन करणाऱ्या एका कंपनीत होतो. त्या गावात माणूस समोरच्या दुकानात जायलाही मोटार काढतो. कुणी रस्त्याने चालताना दिसलं तर लोक काच खाली करून ‘सगळं ठीक आहे ना?’ असं विचारतात. मोटारींचं काम आटायला लागलं तशी कंपनी हाताला लागेल ते घ्यायला लागली, आणि हाताला लागली पूर्वेकडच्या एका शहरातली विजेवर चालणारी उपनगरी गाडी. गाडी मूळ जपानी. वीस वर्षांपूर्वी जपानमधल्या आराखड्यावरून अमेरिकेसाठी बनवलेली. यंत्र अजून ठणठणीत होतं, म्हणून गाडी न विकता तिचं पोट रिकामं करून आतून नवी करायची होती. सीट, पॅनेल आणि आतली बाकीची सजावट आमच्याकडे आली.

आमचा मॅनेजर डेट्रॉइटचा, मोठ्या मनाचा आणि त्याहून मोठ्या पोटाचा गृहस्थ. त्याने आयुष्यात एकदाच रेल्वेचा प्रवास केला होता, तो प्राणिसंग्रहालयात. पहिल्याच मीटिंगमध्ये त्याने सगळ्यांकडे नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

“यू आर फ्रॉम इंडिया,” तो म्हणाला. “यू नो ट्रेन्स.”

मी मान हलवली. माझी ग्रीन कार्डची फाइल तेव्हा कंपनीच्या कपाटात पडून होती, आणि कंपनी फक्त ‘स्पेशालिस्ट’ माणसांच्याच फाइली वकिलाकडे पाठवायची. मोटारीच्या सीट करणारे तिथे पैशाला पासरी होते. रेल्वेचा स्पेशालिस्ट एकही नव्हता. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात, पण मी तर लंगडीसुद्धा नव्हतो, निव्वळ गाय असल्याचा बहाणा करत होतो.

घरी सांगितल्यावर बायको पोळी लाटता लाटता थांबली.

“अरे, तू ट्रेनमध्ये बसलायस तरी कधी? लग्नानंतर आपण महाबळेश्वरला गेलो तेपण एसटीने.”

“यार, एवढं डिटेल कोण विचारतंय? एकदा फाइल सबमिट होऊ दे.”

“आणि विचारलं तर?”

“आईच्या एसटीच्या गोष्टी सांगतो. फक्त एसटी काढून ट्रेन टाकायची.”

“छान,” ती म्हणाली आणि पुन्हा लाटायला लागली. “खोटं बोल पण रेटून बोल.”

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती. सत्तावीस वर्षं ती गडहिंग्लजहून तालुक्यातल्या एका गावी सकाळच्या एसटीने गेली, आणि ती गाडी मागूनच भरून यायची, त्यामुळे बहुतेक उभीच गेली. उंचीने चार फूट दहा इंच. उभं कसं राहायचं याचं तिचं शास्त्र होतं, ते ती आम्हाला पाढ्यांसारखं म्हणून दाखवायची: पाय जरा फाकून, गुडघा सैल, आणि हात सीटच्या कोपऱ्यावर. “वरची दांडी उंच माणसांची. माझा हात पोचतोय कुठे तिथवर?”

हे सगळं मी उचललं आणि स्लाइडवर टाकलं. आमच्याकडे डिझाइन करण्याआधी एक काल्पनिक प्रवासी उभा करायची पद्धत होती, तिथे मी माझी खरी आई उभी केली. एसटीची ट्रेन झाली, लाल मातीचा रस्ता लोहमार्ग झाला. मॅनेजरच्या डोळ्यांत पाणी आलं. “पॉवरफुल,” तो म्हणाला. पुढच्या आठवड्यात माझी फाइल कपाटातून निघून मॅनेजरच्या टेबलावर आली.

मग आम्ही चौघं त्या शहरात गाडीचा अभ्यास करायला गेलो. दोन दिवसांचा कार्यक्रम होता. पहिल्या दिवशी यार्डात उभ्या असलेल्या रिकाम्या डब्यात मापं घेतली. सोबत सीटवर बसवून मापं घ्यायचा एक पुतळा नेला होता. त्याला पाठ होती, मांड्या होत्या, डोकं नव्हतं, त्यामुळे तो टीममध्ये सहज खपून जायचा. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या गर्दीच्या वेळेला प्रत्यक्ष गाडीतून प्रवास करायचा होता. सकाळी स्टेशनवर गेलो तर पार्किंग फुल्ल. मोटार ठेवायला जागा नाही म्हटल्यावर ट्रेनमध्ये बसायचं कसं, हे आमच्यापैकी कुणालाच सुचेना. शेवटी मॅनेजरने तोडगा काढला. रुळांच्या बाजूबाजूने जो रस्ता जातो, त्याने आम्ही भाड्याच्या व्हॅनमधून, डोनट खात, गाडीच्या शेजारून गेलो. खिडक्यांतून उभी माणसं दिसत होती. शेवटच्या स्टेशनला आम्ही तिच्या आधी पोचलो, तर मॅनेजरने टाळी दिली. “वुई बीट द ट्रेन!”

प्रवासाचा अहवाल लिहायचं काम अर्थातच स्पेशालिस्टकडे आलं. मी आईला दुसऱ्यांदा कामाला लावलं आणि अकरा पानं लिहिली. वाचणाऱ्याला वाटावं, हा मनुष्य महिनाभर त्या गाडीत उभा होता.

यानंतर चार महिने आम्ही कपाच्या खाचेवर काम केलं. मोटारवाल्यांना सीटपेक्षा कप ठेवायची जागा जास्त महत्त्वाची वाटते. मूळ जपानी गाडीत ती अजिबात नव्हती, आणि ही गोष्ट आमच्या ऑफिसात मागासलेपणाचा पुरावा म्हणून सांगितली जायची. आम्ही सीटच्या पाठीमागे, दोन रांगांमधल्या बोळाकडच्या कोपऱ्याला, मिटून ठेवता येणारी खाच बसवली. बोट लावलं की आवाज न करता अलगद उघडायची. त्या अलगदपणासाठी तीन वेळा स्प्रिंग बदलली, आणि जमलं त्या दिवशी केक कापला.

एकच अडचण होती. डब्याचं वजन वाढवायची परवानगी नव्हती, आणि कोपऱ्याची जागाही रिकामी नव्हती. तिथे जुन्या गाडीत स्टीलची एक कडी होती, वेलदोड्याच्या डब्याच्या कडीएवढी साधी, फक्त मुठीत मावेल अशी. ती कशाला आहे, असं कुणीतरी विचारलं. मॅनेजर म्हणाला, सजावट असेल. मोटारीत सगळे बसलेले असतात. उभ्या माणसाचा विचार करायची आमच्या धंद्यात कधी वेळच आली नव्हती. कडी गेली.

नमुन्याचा डबा ट्रॉयमधल्या हॉलमध्ये, गुळगुळीत फरशीवर तयार झाला, आणि तो तपासायला जपानहून एक म्हातारे इंजिनियर आले. मूळ गाडीच्या आतल्या भागाचं डिझाइन त्यांनीच केलं होतं. बुटके, साठीच्या पुढचे, हातात पांढरे मोजे. त्यांची तपासायची रीत वेगळी होती. प्रत्येक वस्तूसमोर थांबायचं, हात सरळ लांब करून तिच्याकडे बोट दाखवायचं, तिचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि मग कागदावर खूण करायची. खिडकीची कडा. बोट. आवाज. खूण. आमचे लोक तोंडावर हात धरून हसत होते. दुपारी कँटीनमध्ये मी त्यांची नक्कल केली, केचपच्या बाटलीला बोट दाखवून ‘केचप!’ म्हणून ओरडलो. टेबल हसून लोळलं. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, हे लिहायला आज लाज वाटते.

दुपारनंतर ते डब्याच्या बोळात शिरले आणि उभे राहिले. तो डबा तयार होऊन तीन आठवडे झाले होते, रोज लोक येऊन सीटवर बसून जात होते, पण बोळात उभा राहिलेला तो पहिला माणूस. त्यांनी पाय जरा फाकले, गुडघे सैल सोडले, आणि स्थिर फरशीवर गाडी चालल्यासारखे डुलले. डुलता डुलता हात सीटच्या कोपऱ्याकडे गेला. तिथे कडी नव्हती. बोट दाखवायला वस्तूच नाही, म्हणून त्यांचा हात नुसता हवेत राहिला.

मला ते उभं राहणं ओळखू आलं. ते मी घरी हजार वेळा पाहिलं होतं.

त्यांनी माझा अहवाल बॅगेतून काढला. जागोजागी पेन्सिलीने खुणा केलेल्या होत्या. मोजक्या इंग्रजीत, एकेक शब्द जोडत ते मला म्हणाले, मी या कडीची उंची ठरवायला एक अख्खा हिवाळा गाडीत उभा राहिलो होतो. तुम्हीही उभे राहिला आहात, तुमचं लिखाण वाचून कळतं. तुमच्या आईबद्दलही वाचलं. तुम्ही सांगा, ही कडी नको?

मी मॅनेजरकडे पाहिलं. तो कपाची खाच उघडमीट करत होता. माझी फाइल त्या शुक्रवारी त्याच्या सहीने वकिलाकडे जायची होती. आईचा हात सीटच्या कोपऱ्यावर असतो, हे चौथ्या पानावर लिहिलेलं होतं. मीच लिहिलेलं होतं.

“नको,” मी म्हणालो. “वर दांडी आहे. ती पुरते.”

त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि कमरेत वाकून नमस्कार केला. मग खिशातून सहीऐवजी मारायचा छोटा शिक्का काढला, शाईला लावला आणि कागदावरच्या कडीच्या रकान्यावर दाबला. कंपनीच्या शब्दावर त्यांनी तो दाबला नसता, याची मला खात्री आहे. उभं राहिलेल्या माणसाच्या शब्दावर त्यांनी तो दाबला. शुक्रवारी माझी फाइल गेली.

२००८ च्या उन्हाळ्यात आई पहिल्यांदा अमेरिकेत आली. फाइल एव्हाना बरेच टप्पे पार करून गेली होती, नव्या केलेल्या गाड्या धावायला लागल्या होत्या, आणि मला मोठेपणा मिरवायची खाज होती. तिला घेऊन मी मुद्दाम त्या शहरात गेलो. गाडी कुणी केली हे आधी सांगायचं नाही, शेवटच्या स्टेशनला उतरताना सांगायचं, असा बेत होता. संध्याकाळची ऑफिसं सुटायची वेळ. एक तरुण मुलगी उठून तिला जागा देऊ लागली, तर आईने तिला खांद्याला धरून पुन्हा खाली बसवलं.

“बस गं. अख्खं विमान बसून आले, कंबर धरलीये माझी.” मुलीला काय कळलं कोण जाणे, पण ती हसली.

आई बोळात उभी राहिली. पाय फाकून, गुडघे सैल. सत्तरी जवळ आलेली, अंगावर पाचवारी आणि माझा जुना स्वेटर. “सीटा मऊ आहेत रे,” ती म्हणाली. “रंगपण झकास.” मी फुललो. आता सांगूनच टाकावं असं मनात आलं, तेवढ्यात गाडीने रूळ बदलला आणि डब्याला हिसका बसला.

मला वरची दांडी होती. आईचा हात न बघता, सवयीने, सीटच्या कोपऱ्यावर गेला. तिथे आमची खाच होती. तिला बोट लागलं आणि ती आवाज न करता अलगद उघडली, अगदी केक कापला त्या दिवशीसारखी. आई गुडघ्यांवर पडली. डावं मनगट सीटच्या पायावर आपटलं, एक काकण फुटलं, आणि शेजारच्या माणसाची कॉफी तिच्या पदरावर सांडली. दोघातिघांनी उठून तिला उभं केलं. मी त्यांच्या मागून पोचलो. हाड मोडलं नव्हतं, पण मनगट बघता बघता सुजलं.

तिने पदर झटकला, मग त्या उघड्या खाचेकडे बघितलं. तिने ती मिटली, पुन्हा उघडली, आणि मुलाच्या वहीतलं चुकलेलं गणित बघावं तशी बघत राहिली.

“कुणी केलंय रे हे?” ती म्हणाली. “बसून केलेलं दिसतंय.”

मला कंपनीचं नाव घेता आलं असतं, मॅनेजरचं घेता आलं असतं. त्या म्हातारबुवांच्या शिक्क्याचंही घेता आलं असतं, तो तर कागदावर आहे.

“मी केलंय, आई.”

गाडी पुन्हा वळणाला लागत होती. मग तिने चांगला हात पुढे करून माझं कोपर घट्ट पकडलं.

“बरं,” ती म्हणाली. “मग आता तू तरी नीट उभा राहा. मला धरायला काहीतरी पाहिजे.”