पान पोचल्याची खबर

ऑफिसात सगळे त्याला खटपट्या म्हणत आणि त्याला ते बिरुदच वाटे. वेबसाइट उभारायच्या एका तयार सांगाड्यावर, म्हणजे फ्रेमवर्कवर, तो सहा वर्षं राबत होता. पान बदलताना पडदा क्षणभरही पांढरा होऊ नये, हा एकच ध्यास. साधलंही ते. पान इतकं गुपचूप बदलायचं की चोरानं धडे घ्यावेत!

पण दिव्याखाली अंधार. त्याची ताई जन्मापासून आंधळी. कॉम्प्युटर तिला पानं वाचून दाखवी. पण पान असं गुपचूप बदललं की त्या वाचणाऱ्या आवाजाला पत्ताच नसे. सहा वर्षं हा पठ्ठ्या नुसत्या डोळ्यांनी तपासत बसलेला! लक्षात आलं तेव्हा त्यानं स्वतःचे कान धरले.

आता ताईपुढे एका रुग्णालयाच्या चौकशी टेबलाची नोकरी होती, आणि त्यांची वेबसाइट याच फ्रेमवर्कवर. मंगळवारी अकराला चाचणी. फोनवर विचारतील ते पान उघडून उत्तर द्यायचं. नाही जमलं तर नोकरी गेली.

खटपट्यानं कंबर कसली. पान निघालं आणि पान पोचलं, या दोन्ही खबरा नव्या आवृत्तीत प्लगइनला, म्हणजे वरून जोडायच्या सुट्या भागाला, मिळू लागल्या. मग पानाचं नाव मोठ्यानं बोलणारं प्लगइनही त्यानंच लिहिलं. रुग्णालयातल्या तंत्रज्ञ बाईंनी ते बसवलं. मंगळवारी साडेदहाला तो टेबलापाशी अक्षरशः नाचत होता.

"दाब ताई, दाब!"

ताईनं 'हाडांचे डॉक्टर' निवडलं. आवाज म्हणाला, "मुख्य पान."

"अरे, तिथून तर मी निघाले!"

त्यानं वाकून पडद्यावर नजर टाकली. आणि पुढच्याच क्षणी तो खो खो हसत सुटला.

"ताई, तुझा भाऊ घरातून निघतानाच पोचलो म्हणून ओरडतोय! प्लगइन 'पोचलं'ऐवजी 'निघालं'च्या खबरीला बोलतंय."

"मग हसतोस काय मेल्या? बदल ना!"

बदलायचा होता एक शब्द. तंत्रज्ञ बाईंनी कपाळाला हात लावला, पण खुर्ची दिली. शब्द बदलून झाला तेव्हा अकराला चार मिनिटं होती.

फोन वाजला. पलीकडच्या खोलीतून चाचणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, "गुडघ्याचे डॉक्टर गुरुवारी कधी भेटतील?"

ताईची बोटं धावली. "हाडांचे डॉक्टर," आवाज बोलला. "गुरुवार," पुन्हा बोलला.

"चार ते सहा, साहेब. दुसरा मजला."

साहेब दारात येऊन उभे राहिले. "डोळस उमेदवारांना याहून जास्त वेळ लागला. सोमवारपासून या."

खटपट्याला आनंदानं काय करू नि काय नको झालं. "ताई, आवाज स्पष्ट होता ना? वेग बरा होता ना?"

ताई हात मांडीवर ठेवून बसली होती.

"आजवर दर वेळी कुणाला तरी विचारायचे, पान आलं का हो? आज नाही विचारलं रे कुणाला."